लिपिड पटलाला आधार कशाचा: काच, सोनं की जिवाणूंची जाळी?

पटल-प्रथिनांवर, म्हणजे पेशीच्या पटलात रुतून बसलेल्या प्रथिनांवर, काम सुरू करणाऱ्याला पहिल्या काही आठवड्यांतच ठरवावं लागतं की कृत्रिम पटल उभं करायचं कशावर. बरेच जण लॅबमध्ये जे आधीपासून चालत आलंय तेच उचलतात आणि वर्षभराने अडकतात. म्हणून आधी स्वतःला दोन प्रश्न विचारा. पटल किती वेळ टिकायला हवं? आणि तुमच्या प्रथिनाचा किती मोठा भाग पटलाबाहेर डोकावतो? पटल म्हणजे लिपिड या स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, म्हणजेच द्विस्तर. त्याची जाडी जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर असते. त्यातले रेणू एकमेकांना रासायनिक बंधांनी बांधलेले नसतात, नुसते शेजारी-शेजारी उभे असतात. सगळी नाजूकता तिथून येते.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे १९६२ साली म्युलर, रुडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलेलं ‘काळं पटल’. टेफ्लॉनच्या पडदीला बारीक भोक पाडायचं आणि डेकेनसारख्या द्रावकात विरघळवलेलं लिपिड त्यावर ब्रशने फासायचं. थर पातळ होत द्विस्तरावर आला की त्यावरून प्रकाश परावर्तित होईनासा होतो आणि तो काळा दिसतो. विद्युतरोध गिगाओहमच्या घरात जातो, त्यामुळे एकेका चॅनेलचा (पटलातून आयन जाऊ देणाऱ्या मार्गाचा) पिकोअँपिअरमधला प्रवाह स्वच्छ दिसतो. ग्रॅमिसिडिन किंवा अल्फा-हिमोलायसिन अशा छोट्या चॅनेलची दुपारभराची नोंद हवी असेल तर इथेच थांबा, पुढचं काहीही करू नका. मात्र दार आपटलं, बुडबुडा आला किंवा दोन्ही बाजूंच्या द्रवाची पातळी जराशी कमी-जास्त झाली, की पटल गेलं. सकाळी जमवलेलं पटल जेवून येईपर्यंत फुटलेलं असणं हा माझाही अनुभव आहे.

काचेवरचं पटल हे सोपं काम. टॅम आणि मॅककॉनेल यांचा १९८५चा शोधनिबंध इथला पाया मानला जातो. आज बहुतेक लॅबमध्ये लिपिडच्या सूक्ष्म पिशव्या स्वच्छ काचेवर सोडतात, त्या फुटून पसरतात. सूक्ष्मदर्शकाखाली लिपिडची हालचाल पाहायची असेल तर हे उत्तम. अडचण अशी की पटल आणि काच यांच्यामध्ये पाण्याचा १-२ नॅनोमीटरचाच थर उरतो. इंटिग्रिनसारख्या मोठ्या पटल-प्रथिनाचा बाहेरचा भाग काचेला टेकतो आणि तिथेच चिकटून बसतो.

सोन्यावर रेणूंच्या दोऱ्यांनी बांधलेलं पटल याहून दणकट. १९९७ साली कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात ग्रॅमिसिडिन वापरून त्याचा संवेदक बनवला. टिकाऊपणात हे सरस आहे, पण खालची जागा इथेही अरुंदच. दोऱ्या दाट केल्या तर प्रथिन मावत नाही, विरळ केल्या तर पटल गळतं.

आता एस-लेयर. अनेक जिवाणूंच्या आणि बहुतेक आर्कियांच्या (जिवाणूंसारख्याच, पण वेगळ्या गटातल्या एकपेशीय जीवांच्या) पेशीवर एकाच प्रथिनाची स्फटिकासारखी जाळी असते, तिलाच एस-लेयर म्हणतात. कित्येक आर्कियांना दुसरी भिंतच नसते. उकळीच्या आसपासच्या आम्लात त्यांचं पटल शाबूत राहतं, त्यात या जाळीचा वाटा मोठा आहे. व्हिएन्नाच्या बोकू विद्यापीठात उवे स्लायटर, डिटमार पुम आणि बर्नहार्ड शुस्टर यांनी हीच रचना कृत्रिम पटलासाठी वापरली. जाळी ५ ते १० नॅनोमीटर जाड, छिद्रं साधारण २ ते ८ नॅनोमीटरची, आणि एका जाळीतली छिद्रं एकसारखी. मला सगळ्यात मोलाची वाटते ती पकड. प्रथिनाचा एकेक घटक लिपिडच्या डोक्यांना दोन-तीन ठिकाणीच धरतो, बाकीचे रेणू मोकळे सरकत राहतात. या पटलाला अर्धप्रवाही म्हणतात ते यामुळेच. आधार मिळाला तरी पटल गोठत नाही, आणि आयनांना खाली-वर वाट राहते.

गाळण कागदासारख्या सच्छिद्र पृष्ठावर ही जाळी बसवून ग्लुटराल्डिहाइड या प्रथिनं जोडणाऱ्या रसायनाने पक्की केली आणि वर पटल अंथरलं, तर ते नुसत्या गाळणीवरच्या पटलापेक्षा कितीतरी जास्त तास टिकतं. वरूनही जाळी चढवली तर आणखी. सुट्या काळ्या पटलाला एका बाजूने जाळी दिली तरी ते जास्त दाब सोसतं. जाळी चढवलेले लायपोसोम, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म पिशव्या, आल्ट्रासाउंड आणि उष्णताही अधिक सोसतात.

किंमत मात्र मोजावी लागते. नेहमी वापरलं जाणारं एसबीपीए हे एस-लेयर प्रथिन लायसिनिबॅसिलस स्फेरिकस या जिवाणूमधून मिळतं. ते गुआनिडिन हायड्रोक्लोराइड या रसायनाने सोडवायचं, डायलिसिस करून ते रसायन काढून टाकायचं आणि मग कॅल्शियम देऊन १३.१ नॅनोमीटरच्या चौकोनी जाळीत जमू द्यायचं. प्रत्येक खेपेला जाळी नीट जमली का, हे एएफएमखाली (अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली) पाहावं लागतं. ही सोय आवाक्यात नसेल तर या वाटेला जाऊ नका. तुमच्या बफरमध्ये कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए अटळ असेल तरीही नको. आणि वरून जाळी चढवणार असाल तर लक्षात ठेवा, अँटिबॉडीसारखा मोठा रेणू त्या छिद्रांतून पटलापर्यंत पोचणारच नाही. अशा वेळी जाळी खालीच ठेवा.

दोन्ही बाजूंना मोठे भाग असलेलं प्रथिन, विद्युत मोजणी आणि दिवसभराचा प्रयोग, हे तिन्ही एकत्र आलं तर मी एस-लेयरच निवडेन. नुसती हालचाल पाहायची तर काच, नुसता चॅनेल मोजायचा तर काळं पटल. एस-लेयरकडे मन झुकत असेल, तर जिवाणू वाढवायला घेण्याआधी एक छोटी चाचणी करा: तुमचं प्रथिन १० मिलिमोलर कॅल्शियममध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी ते अजून काम करतंय का ते बघा.