पार्किन्सनच्या पेशंटसाठी घरी येणारी नर्सिंग सर्व्हिस, आमचा दहा महिन्यांचा अनुभव

बाबांना पार्किन्सन आहे, 9 वर्षं झाली. आधी साध्या ब्युरोकडून अटेंडंट घ्यायचो. माणसं वाईट नव्हती हो, पण दर पंधरा दिवसांनी नवा चेहरा आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं सांगत बसायचं. गोळी जरा उशिरा दिली तर काय बिघडतं असं म्हणायचे. बिघडतं ना! लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य गोळीची, वेळ चुकली की बाबांना खुर्चीतून उठता येत नाही, आणि भरपूर प्रोटीनवाल्या जेवणासोबत दिली तर ती नीट लागूच पडत नाही कारण दोन्ही आतड्यातून एकाच वाटेने शोषले जातात.

मग फक्त न्यूरोचे पेशंट बघणारी सर्व्हिस घेतली. फरक पहिल्याच दिवशी कळला. बाथरूमच्या दारात बाबांचे पाय जमिनीला चिकटतात, आम्ही इतकी वर्षं हात धरून ओढायचो. सर्व्हिसकडून आलेले ब्रदर (पुरुष नर्स) म्हणाले ओढू नका, तोल जाईल. त्यांनी उंबऱ्यापाशी जमिनीवर रंगीत टेप लावली आणि "काका, ही पट्टी ओलांडा, एक दोन, एक दोन" असा ठेका धरला आणि बाबा चक्क चालले, आईच्या डोळ्यात पाणी आलं. उठल्यावर बीपी पडतं म्हणून आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसवतात, मगच उभं करतात. जेवताना ताठ बसवणं, हनुवटी थोडी खाली, छोटे घास, हे सगळं न सांगता.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते वेगळंच. मध्ये बाबांना उलट्या होत होत्या, दुसऱ्या एका डॉक्टरांनी मेटोक्लोप्रामाइड लिहून दिलं, मी आणलं पण. ब्रदरनी चिठ्ठी वाचली आणि गोळी बाजूला ठेवली, म्हणाले हे मेंदूतलं डोपामिन अडवतं, तेच पार्किन्सनमध्ये आधीच कमी असतं, म्हणून देत नाहीत, आधी न्यूरोलॉजिस्टना फोन करा. केला, त्यांनी लगेच औषध बदलून दिलं. मला हे कधीच कळलं नसतं.

तक्रार एकच पण मोठी आहे. ब्रदर सुट्टीवर गेले की बदली माणूस तेवढा तयार नसतो, एकदा तर गोळ्यांची वही न वाचताच त्याने दुपारचा डोस संध्याकाळी दिला आणि बाबांची सगळी रात्र अंग आखडून गेली. ऑफिसला सांगितलं तर सॉरी म्हणाले, आता बदली माणूस आदल्या दिवशी तासभर येऊन शिकून जातो, पण हे आम्ही भांडल्यावर.

कोणी अशी सर्व्हिस बघत असाल तर येणाऱ्या माणसाला सरळ विचारा की पेशंटचे पाय अडकले तर काय कराल. आणि सुट्टीच्या दिवशी कोण येणार त्याला आधीच भेटून घ्या, आम्ही नाही भेटलो.