मायकल जॉर्डनचं खोटं कार्ड आणि 600 डॉलरचा नियम

मी न्यू जर्सीत, एडिसनला राहतो. ही गोष्ट 2022 ची, खेळाडूंच्या चित्रांची छापील कार्डं लोक जमवतात आणि विकतात, त्यातल्या एका कार्डाची. इतके दिवस लिहायचा धीर झाला नाही. पण गेल्या महिन्यात आपल्याच मंडळातला एक मुलगा म्हणाला, "काका, असंच एक कार्ड स्वस्तात मिळतंय," आणि मग गप्प राहवेना.

त्या जूनमध्ये अमेरिकेत महागाई 9.1 टक्क्यांवर गेली होती. शेअर घसरत होते, बँकेत व्याज नावालाच. मुलगा दोन वर्षांत कॉलेजला जाणार, म्हणून जीव टांगणीला. ऑगस्टमध्ये बेसबॉलपटू मिकी मँटलचं, टॉप्स कंपनीने 1952 मध्ये काढलेलं कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला विकलं गेलं आणि जो तो जुन्या कार्डांबद्दल बोलू लागला. मला बेसबॉलमधलं काही कळत नाही. बास्केटबॉलचा जॉर्डन मात्र ओळखीचा, म्हणून त्याचं फ्लीअर कंपनीचं 1986 चं कार्ड घ्यायचं ठरवलं. त्याच्या नकला फार निघतात, हे मला फार उशिरा कळलं.

एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्डांचं प्रदर्शन होतं. विक्रेता साठीचा, बोलायला गोड. कार्ड पीएसएच्या (कार्ड तपासून त्याला दर्जा देणारी कंपनी) सीलबंद डबीत, ग्रेड 10 पैकी 8. डबीवरचा नंबर मी तिथेच फोनवर कंपनीच्या यादीत तपासला, जुळला. भाव 5,800 डॉलर.

तेव्हा विक्रेत्यांच्या तोंडी एकच विषय होता. पैसे पाठवायच्या ॲपवरून विक्रीचे वर्षाला 20,000 डॉलर आणि 200 व्यवहारांच्या वर आले तरच 1099-के फॉर्म (ॲपने करखात्याला द्यायची माहिती) निघायचा, ती मर्यादा 2021 च्या कायद्याने 600 डॉलरवर आणली होती. (अंमल पुढे ढकलला गेला आणि 2025 मध्ये जुनी मर्यादा परत आली, पण तेव्हा हे कुणाला माहीत?) मित्राला भेट म्हणून पाठवलेले पैसे यात मोजले जात नाहीत, म्हणून माझा विक्रेता म्हणाला, "ॲपवर मित्राला पाठवताय असं टाका, मी 200 कमी करतो. खाली 'हॅपी बर्थडे' लिहा." मी लिहिलं. पावती मागितली नाही. माझ्याही मनात लोभ होताच. शेअर वर्षभर ठेवून विकले तर बहुतेकांना 15 टक्के कर, अशा संग्राह्य वस्तूंवर मात्र तो 28 टक्क्यांपर्यंत जातो. कागदच नसेल तर पुढे आपल्यालाही बरं, असं वाटलं.

पुढच्या वर्षी पैशांची गरज पडली म्हणून कार्ड एका दुकानात नेलं. दुकानदाराने शेजारी खरी डबी ठेवली आणि माझ्या हातात भिंग दिलं. खऱ्या कार्डावरच्या रेषा सलग शाईच्या होत्या. माझ्या कार्डावर त्याच रेषा बारीक ठिपक्यांच्या बनल्या होत्या. मग त्याने त्याच नंबराच्या कार्डाचा जुन्या लिलावातला फोटो शोधून दाखवला. त्यात चित्र डावीकडे सरकलेलं, माझ्यात बरोबर मधोमध. नंबर खरा होता, पण दुसऱ्याच कार्डाचा. डबी आणि आतलं कार्ड, दोन्ही बनावट.

ॲपवाल्यांनी सांगितलं, मित्राला पाठवलेल्या पैशांना खरेदीचं संरक्षण नाही. आमच्या करांचं काम बघणाऱ्या सीपीएने (हिशेबनिसाने) विचारलं, खरेदीचा पुरावा काय? मी फोन पुढे केला. त्यांनी मोठ्याने वाचलं, "हॅपी बर्थडे." बायको शेजारीच बसली होती. ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

म्हणून हात जोडून सांगतो, नुसता नंबर जुळवून थांबू नका. त्या नंबराचा जुना फोटो मिळवा आणि कडा, चित्राची जागा समोर ठेवून बघा. पैसे खरेदी म्हणूनच पाठवा, त्याचं कमिशन विक्रेत्याला भरावं लागत असलं तरी. नंबरासकट पावती घ्या. यातल्या एकालाही तो नाही म्हणाला, तर तिथून निघा. आणि मित्र म्हणून पैसे टाका असं कुणी म्हणालं, तर कर वाचेल या आशेने एक मिनिटही थांबू नका.

पोलिसांत तक्रार दिली आहे, अजून काही हाती लागलेलं नाही. कार्ड माझ्याकडेच आहे, ते मी कुणाला विकणार नाही. त्या मुलाला शनिवारी घरी बोलावलंय. तुमच्यापैकी कुणाला खोटी डबी हातात घेऊन बघायची असेल तर तुम्हीही या, मी भिंग आणून ठेवलंय.