नोटा तपासायच्या दिव्याखाली मोसंबी: अतिनील टॉर्चचा माझा सहा महिन्यांचा अनुभव

वाशीच्या फळ बाजारात एका गाळ्यावर मी दिवाणजी आहे. टेबलावर पट्टीबुकं, गाडीभाड्याच्या चिठ्ठ्या आणि नोटा तपासायचं जांभळ्या दिव्याचं छोटं यंत्र. गणपती होऊन आठवडा झाला असेल. पहाटे जालन्याच्या मोसंबीची गाडी उतरत होती आणि माझ्या डोक्यावरची ट्यूब उडालेली. चहा घ्यायला हात मोकळा करावा म्हणून हातातली मोसंबी मी त्या यंत्राखाली सरकवली, तर देठाजवळ रुपयाएवढा पिवळट-हिरवा ठिपका लखलखला. बाहेर उजेडात नेऊन पाहिलं तर साल स्वच्छ. अंगठ्यानं दाबल्यावर मात्र तिथंच किंचित मऊ लागलं. तिसऱ्या दिवशी त्याच जागी पांढरी बुरशी, मग हिरवी.

मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "दिवाणजी, तुम्ही नोटा मोजा."

म्हणून त्या यंत्रासारखाच अतिनील उजेड देणारे टॉर्च माझ्या पैशानं घेतले. हो, टॉर्च दोन घ्यावे लागले, कारण पहिला चुकला. ऑनलाईन साडेतीनशे रुपयांचा आला तो ३९५ नॅनोमीटरचा (नॅनोमीटर म्हणजे उजेडाच्या लहरीची लांबी मोजायचं माप). त्याच्या जाहिरातीत "पिकावरील सर्व रोग क्षणात ओळखा" असं लिहिलेलं, सोबत संत्र्याच्या झाडाचा फोटो. चालू केला की सगळं जांभळं दिसतं: मोसंबी जांभळी, क्रेट जांभळं, माझा शर्ट तर नीळ घातल्यासारखा. त्या जांभळ्यात फळावरची चमक बुडून जाते. परत करायला गेलो तर विक्रेत्याचं उत्तर आलं, की टॉर्च पेटतोय म्हणजे माल बरोबर आहे. यावर काय बोलणार?

दुसरा चौदाशे पन्नासचा, ३६५ नॅनोमीटरचा, काचेवर काळं फिल्टर असलेला. हे फिल्टर महत्त्वाचं. दिसणारा जांभळा उजेड ते अडवतं, त्यामुळे टॉर्च पेटलाय की नाही हेच आधी कळत नाही. अंधारात फक्त जे चमकायचं ते चमकतं. घेणार असाल तर एवढं बघूनच घ्या.

चमकतं काय, तर लिंबूवर्गीय फळांच्या सालीत तेलाच्या बारीक पिशव्या असतात. बुरशीनं साल पोखरली किंवा मार लागला की त्या फुटतात, आणि सालीतली टँजेरेटिनसारखी द्रव्यं अतिनील उजेड शोषून पिवळट-हिरवा उजेड बाहेर टाकतात. कॅलिफोर्नियात पॅकहाऊसमधल्या काळोख्या खोलीत माणसं बसवून असंच नासकं फळ वेचून काढायची पद्धत जुनी आहे. आपण मात्र अजून नाकावर आणि अंगठ्यावर चालतो. माझा अंगठा तीस वर्षांचा आहे, तो वाईट नाही. पण त्याला कळतं तेव्हा फळ गेलेलंच असतं.

खात्री करायची म्हणून एका क्रेटमधली शंभर मोसंबी घेतली. गाळ्याच्या मागच्या अंधाऱ्या भागात टॉर्च मारून चौदा बाजूला काढली, मार्करनं खुणा केल्या आणि दोन्ही ढीग टेबलाखाली ठेवले. चौथ्या दिवशी चौदातली नऊ नासली. खूण नसलेल्या शहाऐंशीतली तीन. आता, चौदातली पाच चमकूनही का नासली नाहीत, याचा उलगडा आमच्या माथाडींपैकी एकानं केला. तो पाटणकडचा, टॉर्चची चेष्टा करण्यात सगळ्यात पुढं. म्हणाला, "दिवाणजी, त्या पाचांवर बुरशी नाय, ती माझ्या हातनं आपटल्यात." खरंच होतं. नुसता मार लागून तेल बाहेर आलं तरी साल चमकते. म्हणजे टॉर्च रोग दाखवत नाही, साल फुटल्याचं दाखवतो. पुढचा अंदाज आपला आपण करायचा. माझ्यापुरतं ठरवलं: कडा धूसर असलेला गोल डाग बाहेर काढायचा, ओरखड्यासारखी रेघ असेल तर ते फळ आजच्या आज रसवंतीवाल्याला द्यायचं.

मालक आता नोटा मोजा म्हणत नाहीत. लांब जाणारा माल भरायच्या आधी स्वतःच टॉर्च मागतात.

एक त्रास सांगतो. हा उजेड दिसत नाही म्हणून निरुपद्रवी वाटतो, आणि तसा तो नाही. पहिल्याच दिवशी एका पोरानं गंमत म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर मारला, तेव्हा मी ओरडलो. अतिनील अडवणारा चष्मा लावल्याशिवाय तासभर काम करू नये. शिवाय बॅटरी दीड तासात मान टाकते, आणि बाजारात ऐन कामाच्या वेळी अंधार मिळणं हे वेगळंच दुखणं. मी दोन काळी ताडपत्री बांधून कोपरा केलाय. उन्हाळ्यात तिथं उभं राहून दाखवा.

आता जाहिरातीतल्या त्या झाडाकडे येतो. माझ्या मेहुण्याची वरुड तालुक्यात संत्र्याची बाग आहे. दिवाळीत अमरावतीच्या गाडीनं गेलो, दोन्ही टॉर्च पिशवीत. बागेत तीन झाडं पिवळी पडलेली, मेहुणा काळजीत. रात्री जेवण झाल्यावर मी पानांवर टॉर्च मारत फिरलो. मेहुणा मागून म्हणाला, "भाऊजी, लाईट मारून का पाहून राह्यले? झाड सोताच सांगून राह्यलं ना."

पानं गडद लालसर दिसली. निरोगीही तशीच, पिवळीही जवळजवळ तशीच. ही लाली हरितद्रव्याची. भाची अकरावी सायन्सला आहे, तिनं पान स्पिरिटमध्ये खलून पेल्यात टॉर्च मारला तर हिरवं पाणी रक्तासारखं लाल पेटलं. सगळं घर बघायला गोळा झालं. पण रोगी आणि निरोगी पानांच्या पेल्यांत फरक मला सांगता आला नाही, तिलाही नाही. नंतर वाचून समजलं, की हरितद्रव्याच्या उजेडाला दोन शिखरं असतात, साधारण ६८५ आणि ७३५ नॅनोमीटरला, आणि झाडाचा ताण त्या दोघांच्या प्रमाणात मोजतात. ७३५ आपल्या डोळ्याला जवळपास दिसतच नाही. त्याला मोजणारं यंत्र लागतं. चौदाशे पन्नासात ते येत नाही.

आणि संत्र्याच्या ज्या रोगाची खरी भीती, त्या ग्रीनिंगचा मामला तर निराळाच. सिट्रस सिला नावाचा बारीक किडा जिवाणू पसरवतो, पानातून साखर वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि पानात स्टार्च साठतो. फ्लोरिडात हा रोग २००५ साली सापडला आणि तिथल्या बागा त्यानं बसवल्या. तिथल्याच विद्यापीठातल्या लोकांनी ५९१ नॅनोमीटरच्या आसपासचा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, प्रकाश पानावर टाकून, स्टार्च त्या प्रकाशाची दिशा फिरवतो यावरून रोगी पान ओळखायची युक्ती काढली. डोकं चालवलंय. माझ्या टॉर्चचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

गंमत म्हणजे त्याच स्टार्चसाठी एक गरिबाची पद्धत आहे, उजेडाशिवायची. पॉलिश पेपरनं पान घासायचं, ती घाण थोड्या पाण्यात उतरवायची आणि वर आयोडीनचे थेंब. स्टार्च भरपूर असेल तर पाणी काळपट होतं. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं, तीन झाडांची पानं घासली. एकाचंच पाणी काळवंडलं. आणि त्या झाडाच्या पानांवर पिवळेपणा मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा नव्हता, एकीकडे नकाशासारखा, दुसरीकडे वेगळाच. दुसऱ्या झाडाची पानं दोन्हीकडे सारखीच पिवळी, म्हणजे जस्ताची कमतरता असावी. तिसऱ्याच्या बुंध्याला जमिनीलगत डिंक वाहत होता. ते डिंक्यानं धरलंय हे मेहुण्याला आधीच माहीत होतं, तो फक्त माझा उत्साह संपायची वाट बघत होता.

काळवंडलेल्या झाडाची पानं नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे दिली. जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या पीसीआर चाचणीत ग्रीनिंग निघाला. झाड उपटलं, जाळलं. दुसऱ्याला झिंक सल्फेटची फवारणी केली, नवी पालवी हिरवी आली आहे.

गुण द्यायचे तर ३६५ च्या टॉर्चला गाळ्यावर पाचपैकी चार. एक गुण बॅटरीनं घालवला. बागेत पानं तपासायला शून्य, आणि तो दोष टॉर्चचा नाही. साडेतीनशेवाल्याला मी शून्यच देणार होतो. पण त्याच रात्री पाण्याचा कॉक बंद करायला मेहुणा तो घेऊन गेला आणि दोन मिनिटांत हाका मारायला लागला. बांधावरच्या दगडाखाली, त्याच्या चपलेपासून वीतभर अंतरावर, एक विंचू हिरवा-निळा पेटलेला बसला होता. अतिनील उजेडात विंचू असाच चमकतो. तो टॉर्च त्यानं मला परत दिलाच नाही, आणि मीही मागितला नाही.