दिनविशेष फळा: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गावच्या वाचनालयाच्या पडवीत 3 बाय 2 फुटांचा पांढरा फळा, त्यावर तीन रकाने: इतिहास, दूरचित्रवाणी आणि एक अनवट शब्द. आत कपाटात 366 कार्डांची पेटी. आठ महिने रोज वापरून झालेले मत असे, की फळा कुठलाही चालेल, सगळी भिस्त कार्डांवर आहे.

इतिहासाच्या रकान्यात चुका होतात त्या कालगणनेमुळे. शिवराज्याभिषेकाची 6 जून 1674 ही तारीख ज्युलियन, म्हणजे युरोपातल्या जुन्या कालगणनेतली आहे. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तोच दिवस 16 जूनला येतो. ही नवी गणना घेताना पोर्तुगालने 1582 मध्येच 4 ऑक्टोबरनंतर थेट 15 ऑक्टोबर धरला, इंग्रज मात्र 1752 पर्यंत जुन्या गणनेवरच राहिले. त्यामुळे सतराव्या शतकातली एकच घटना पोर्तुगीज आणि इंग्रजी कागदांत दहा दिवसांच्या फरकाने सापडते. गोव्यातल्या नार्वे गावच्या सप्तकोटेश्वर मंदिराच्या शिलालेखात तर इंग्रजी तारीखच नाही. आहे ती शके 1590, कार्तिक वद्य पंचमी. शकात 78 मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारी उजाडल्यापासून फाल्गुन संपेपर्यंत 79 मिळवायचे. म्हणून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात श, ज्यु किंवा ग्रे लिहाच. नावांचाही घोळ होतो: ‘ऑपरेशन विजय’ डिसेंबर 1961 चे गोव्यातले आणि 1999 चे कारगिलचेही. साल लिहिल्याशिवाय ते कार्ड पेटीत टाकू नये.

दूरचित्रवाणीच्या रकान्यात घात करतो तो ‘सुरुवात’ हा शब्द. 15 सप्टेंबर 1959 ला दिल्लीत प्रायोगिक प्रसारण सुरू झाले, 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई केंद्र, आणि 1 एप्रिल 1976 ला दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे झाले. तिन्ही दिवशी ‘दूरदर्शनची सुरुवात’ असे लिहिलेले आढळते. नेमके काय सुरू झाले, तेवढेच लिहा. 26 जानेवारीला प्रजासत्ताक दिनाखाली जॉन लोगी बेअर्ड या संशोधकाचे 1926 मधले लंडनचे दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक आवर्जून घ्यावे. एरवी ते राहूनच जाते.

शब्द शेवटी निवडायचा, आणि तोही वरच्या दोन नोंदींतून. सुटा शब्द दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. 15 सप्टेंबरला ‘व्यत्यय’ घेतला. प्रक्षेपण अडले की पडद्यावर दिसणारा हा शब्द संस्कृतात मुळात उलटापालट सांगतो, ‘अडथळा’ हा अर्थ नंतरचा. 25 नोव्हेंबरला, म्हणजे पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला त्या दिवशी, ‘घमेले’. पोर्तुगीज ‘गामेला’वरून आलेला हा शब्द गवंडीकामात रोज हाताळला जातो, म्हणून फळ्यापाशी त्यावर सर्वांत जास्त बोलणे झाले.

आता पावसाळा. गोव्याच्या दमट हवेत कार्डे वाकतात, एकमेकांना चिकटतात आणि शाईपेनाची अक्षरे फुटतात. बॉलपेन वापरा, पेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तापवून परत घालायचे. फळ्यावर दोन-तीन दिवस राहिलेली शाई कोरड्या फडक्याने निघत नाही. त्याच मार्करने अक्षरे पुन्हा गिरवून लगेच पुसली की डाग सुटतो.

29 फेब्रुवारीचे कार्ड (मोरारजी देसाईंचा जन्म, 1896) तीन वर्षे पडून राहते. ते 28 च्या कार्डाला टाचून ठेवले, तर त्या वर्षांत 28 लाच फळ्यावर लावता येते.