समुद्रकाठचे निवासस्थान: पिठले उत्तम, दार 61 सेंटीमीटरचे

गेल्या हिवाळ्यात रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील एका खासगी निवासस्थानात आम्ही पतिपत्नी दोन रात्री राहिलो. आरक्षणाच्या संकेतस्थळावर ‘व्हीलचेअरसाठी सोयीची खोली’ असे लिहून पुढे हिरवी खूण केलेली होती, आणि खात्री करण्यासाठी फोन केला तेव्हा ‘तळमजलाच आहे काका, काही त्रास नाही’ असे उत्तर मिळाले. चौदा वर्षे व्हीलचेअर वापरत असल्यामुळे हे वाक्य माझ्या ओळखीचे आहे. प्रवासाच्या पिशवीत औषधांशेजारी मोजपट्टीही असते, ती याचसाठी. निवासस्थानाचे नाव मी येथे देत नाही. मालकांनी दुरुस्तीची तयारी दाखवली आहे, आणि खाली लिहिलेले दोष किनाऱ्यावरच्या निम्म्याअधिक लॉजना लागू पडतील असा माझा अनुभव आहे.

जेवणापासून सुरुवात करणे न्यायाचे होईल. कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी आणि दुसऱ्या दिवशी खास सांगून केलेले उकडीचे मोदक, यांत नाव ठेवायला जागा नव्हती. खोली स्वच्छ होती, खिडकीतून समुद्र दिसत होता, दरही वाजवी होता.

तळमजला मात्र जमिनीपासून तीन पायऱ्या वर होता. प्रत्येक पायरी 15 सेंटीमीटरची, म्हणजे एकूण चढ 45 सेंटीमीटरचा. शेजारी रॅम्प होता आणि त्याची लांबी सव्वादोन मीटर भरली. देशात सर्वमान्य असलेले किमान प्रमाण 1:12 आहे, म्हणजे एक सेंटीमीटर चढायला बारा सेंटीमीटर लांबी. त्या हिशेबाने येथे 5.4 मीटरचा रॅम्प हवा होता. प्रत्यक्षात प्रमाण 1:5 निघाले, त्यावर गुळगुळीत चकचकीत लाद्या, आणि कठडा एकाही बाजूला नाही. मोटारसायकल वर चढवण्यासाठी तो केलेला असावा, असे लाद्यांवरील टायरच्या काळ्या रेघांवरून वाटले. आम्ही थबकलेले पाहून दोन मुले धावत आली आणि ‘काका, तुम्ही नुसते बसा’ म्हणत त्यांनी मला खुर्चीसकट उचलून व्हरांड्यात ठेवले. मुले मनाने चांगली होती. पण खुर्चीसकट उचलले जाताना माणसाच्या हातात काहीच उरत नाही. मी एका मुलाच्या शर्टाची कॉलर घट्ट धरली होती आणि पत्नी माझी गळून पडलेली चप्पल घेऊन मागून येत होती.

खोलीतील बाथरूमचे दार 61 सेंटीमीटरचे निघाले. माझी खुर्ची 66 सेंटीमीटर रुंद आहे, आणि दाराची मोकळी रुंदी किमान 90 सेंटीमीटर असावी असे केंद्र सरकारच्या 2021 च्या सुगम्यताविषयक मार्गदर्शक तत्त्वांत म्हटले आहे. दार आतल्या बाजूला उघडत होते, कमोडची बैठक ठेंगणी होती आणि आधारासाठी दांडी नव्हती. टॉवेलची होती, ती पहिल्याच हिसक्याला हातात आली. जेवणघराशेजारी निळ्या पाटीचे स्वतंत्र दिव्यांग शौचालय आहे, असे व्यवस्थापकांनी अभिमानाने सांगितले. त्याची किल्ली शोधायला वीस मिनिटे लागली, आणि दार उघडल्यावर आत एकावर एक रचलेल्या सात गाद्या व एक मोडका टेबलफॅन होता.

अखेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून मला आत ओढून नेण्याची पद्धत ठरली. रात्री दोन वाजता गरज पडली तर काय, या प्रश्नावर ‘फोन करा, आम्ही येऊच’ असे उत्तर मिळाले. झोपलेल्या मुलांना उठवण्यापेक्षा मी संध्याकाळी सहानंतर पाणी पिणेच बंद केले. व्हीलचेअर वापरणारी बहुतेक माणसे परगावी हेच करतात, आणि डॉक्टर त्यासाठी रागावतातही. त्या रात्री जेवणात उत्तम सोलकढी होती. ती मी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मालकांशी सविस्तर बोलणे झाले. ‘हे नियम सरकारी इमारतींना असतात, आमचे खासगी आहे,’ हे त्यांचे पहिले म्हणणे. ते प्रामाणिक होते आणि चुकीचेही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये सार्वजनिक इमारतीची जी व्याख्या दिली आहे, तिच्यात सर्वसामान्य लोकांच्या वापरात असलेली खासगी इमारतही येते आणि व्यापारी व मनोरंजनाच्या वापराचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. जुन्या सार्वजनिक इमारतींना कलम 45 ने नियम अधिसूचित झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून 2017 मध्ये आले, त्यामुळे ती मुदतही उलटून गेली आहे. शिवाय हे बांधकाम, मालकांच्याच सांगण्यानुसार, 2019 चे आहे. आणि कलम 44 प्रमाणे सुगम्यतेचे निकष पाळल्याशिवाय इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही किंवा तिचा ताबा घेऊ देता येत नाही. दाखला देताना कोणी टेप लावली होती का, असे मी विचारले, तेव्हा मालक हसले आणि त्यांनी चहा पुढे केला.

यात सगळा दोष त्यांच्या माथी मारणे मला पटत नाही. कायदा सक्तीची भाषा बोलत असताना त्याखालच्या नियमांनी मात्र अनेक बाबी मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर ठेवल्या होत्या. 8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले, 2017 च्या नियमांतील नियम 15(1) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, आणि तडजोड न होणारे किमान निकष वेगळे काढून ते तीन महिन्यांत बंधनकारक करावेत असा आदेश केंद्राला दिला. दंडाची तरतूद आधीपासूनच आहे: पहिल्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. राज्यात तक्रार दिव्यांग आयुक्तांकडे करता येते आणि त्यांचे कार्यालय पुण्यात आहे. मी तक्रार केलेली नाही. वहीचे एक पान फाडून त्यावर सर्व मापे आणि त्यांपुढे हवी असलेली मापे लिहून दिली, आणि संकेतस्थळावरची हिरवी खूण तोवर काढून टाका असे सांगितले.

गुण द्यायचे तर जेवणाला पाचपैकी पाच, वागणुकीला चार, आणि सुगम्यतेला एक, तोही रॅम्प बांधावा असे कोणाला तरी वाटले म्हणून. चालता येणाऱ्यांनी अवश्य जावे. काठी किंवा वॉकर वापरणाऱ्या ज्येष्ठांनी रॅम्पच्या वाटेला न जाता पायऱ्याच चढाव्यात, त्या जास्त सुरक्षित आहेत. व्हीलचेअर वापरणाऱ्यांनी फोनवर ‘सोय आहे का’ असे विचारू नये. बाथरूमच्या दाराची चौकट मोजून तिचा फोटो पाठवायला सांगावे.

खूण अजून तशीच आहे. परवा मालकांनी स्वतःहून एक फोटो पाठवला. बाथरूमची चौकट फोडून तिथे सरकते दार बसवले आहे आणि त्यावर टेप ताणून धरलेली दिसते: 76 सेंटीमीटर. प्रमाणाला अजून चौदा कमी आहेत, पण माझी खुर्ची आत जाईल. रॅम्पबद्दल विचारले आहे. अंगणातला माड मध्ये येतो, म्हणून वळणाचा करावा लागेल, असे त्यांचे उत्तर आले आहे.