वरून जाळे की पक्के खुराडे? परसातल्या कोंबड्यांसाठी एक तुलना

कोकणात परसदारी आठ-दहा गावठी कोंबड्या पाळणाऱ्याने हातचे पैसे अंगणावर जाळे ताणण्यात घालावेत की खुराडे पक्के करण्यात, हे ठरवताना घिरट्या घालणारी घार डोळ्यांना दिसत असते, आणि म्हणून बहुतेकांचा कौल जाळ्याकडे जातो. घारीचे वजन मात्र सहसा किलोभराच्या पुढे जात नाही आणि शिक्रा हा शिकारी पक्षी तर तिच्याहून पुष्कळ लहान. दोघांचा डोळा असतो तो पिल्लांवर, दीड किलोची कोंबडी त्यांना उचलवत नाही.

म्हणजे जाळ्याची खरी गरज पिल्ले लहान असतानाच्या दीड-दोन महिन्यांपुरतीच उरते. मासेमारीचे जुने जाळे स्वस्तात मिळते हे खरे, परंतु पावसाळ्यात त्यावर पाला साचून ते लोंबू लागते आणि त्याच्या सैल कडेत धामण अडकली की सर्पमित्राला बोलावण्याची वेळ येते. तेवढ्या काळासाठी पिल्लांवर पालथे घालायचे बांबूचे डालगे (मोठी टोपली) आणि चरायला सोडल्यावर पळून शिरण्याजोगे एखादे दाट झुडूप पुरेसे ठरते, कारण घार दिसताच कोंबडी इशारा देते आणि पिल्ले आडोशाला धावतात.

रानमांजर, कोल्हा आणि भटकी कुत्री मात्र मोठी कोंबडीही सोडत नाहीत, आणि ती प्रामुख्याने अंधारात येतात. ‘कोंबडी जाळी’ म्हणून विकली जाणारी षटकोनी छिद्रांची, बारीक तारेची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, शत्रूला बाहेर ठेवत नाही. आमच्याकडे एका सकाळी दाराची कडी लागलेली होती, जाळीही शाबूत होती, आणि तिला टेकून तलंगेचे (अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबडीचे) धड तेवढे पडले होते. मुंडके छिद्रातून ओढून नेले होते. तेव्हापासून आम्ही अर्धा इंच छिद्रांची वेल्डेड जाळी वापरतो. ती महाग पडते, पण तिच्यातून उंदीरही सहजी शिरत नाही. तिची खालची कड फूटभर पुरावी. जांभ्याच्या कातळावर खणता येत नसेल, तर ती बाहेरच्या बाजूला फूटभर आडवी पसरून तिच्यावर दगड रचावेत.

फासे किंवा विष हा पर्याय विचारातही घेऊ नये, कारण घार, मुंगूस आणि घोरपड यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेले आहे.

पैसे एकाच कामापुरते असतील, तर माझे मत निःसंशय खुराड्याच्या बाजूने आहे. एका वेळी तीन-चार खुडूक कोंबड्या अंड्यांवर बसवून पिल्ले विकण्याचा विचार असेल, तरच डालगी अपुरी पडतील आणि जाळ्याचा खर्च वसूल होईल.