चेन काढून बेल्टवाला गॅरेज डोअर ओपनर बसवला, वर्षभर वापरून लिहितोय

ओपनर म्हणजे गॅरेजचा दरवाजा बटणावर वर-खाली करणारं मोटारीचं यंत्र. आमचा बेल्ट ड्राइव्ह (चेनऐवजी पट्ट्याने ओढणारा), डीसी मोटार, बॅटरी बॅकअप. पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा का कापला ते खाली येतंच. हे एका कंपनीचं कौतुक नाही, या प्रकारचा ओपनर घ्यावा का आणि घेतल्यावर टिकवायचा कसा एवढंच सांगायचंय.

आधी आवाज. आमची बेडरूम गॅरेजच्या बरोबर वर, जुना चेनवाला असताना रात्री कोणी उशिरा आलं की अख्खं घर जागं व्हायचं. आता दरवाजा हळू उचलतो, मध्ये वेग धरतो आणि जमिनीला टेकायच्या आधी परत मंद होतो, हे डीसी मोटारीमुळे जमतं, जुनी एसी मोटार म्हणजे सुरू होतानाच हिसका. पण नुसत्या बेल्टने सगळा आवाज जाईल असं समजू नका, लोखंडी रोलर असले तर ते खडखडणारच. आम्ही सोबत नायलॉनचे रोलर टाकून घेतले आणि माझ्या मते निम्मा फरक त्यांचाच आहे.

जुना काढावा का लागला तर बटण दाबलं की मोटार नुसती घूं घूं करायची आणि दरवाजा जागचा हलायचा नाही. कव्हर उघडलं तर आत सगळीकडे पांढऱ्या प्लास्टिकचा चुरा सांडलेला, गिअरचे दात एका बाजूने पार सपाट. ओपनर पाच-सहा वर्षांचा असता तर मी नुसता गिअर बदलला असता, गिअरचा किट सुटा मिळतो. पण ओपनरचं आयुष्य साधारण 10 ते 15 वर्षं धरतात आणि आमचा त्याच्या पुढे गेलेला, शिवाय रिमोटचा कोड छोटे स्विच वर-खाली करून लावायचा, म्हणजे कायम एकच कोड, तो कोणी पकडला की दरवाजा उघडा. नव्यात रोलिंग कोड आहे, दर वेळी बदलतो. अशा जुन्या डब्यात पैसे घालण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टेक्निशियन आला आणि नव्या ओपनरचा खोका उघडायच्याही आधी त्याने दरवाजा बंद करून जुन्या ओपनरची लाल दोरी ओढली (ती ओढली की दरवाजा ओपनरपासून सुटतो), दरवाजा हाताने कमरेपर्यंत उचलला आणि सोडला. धाडकन खाली. तो म्हणाला, "साहेब, ओपनर नंतर बघू, आधी स्प्रिंग." दरवाजाचं वजन ओपनर उचलतच नाही हो, ते स्प्रिंग तोलून धरते, ओपनर फक्त ओढतो आणि ढकलतो. नीट तोललेला दरवाजा अर्ध्यावर सोडला तरी तिथेच थांबतो. साध्या स्प्रिंगचं आयुष्य साधारण 10,000 वेळा उघड-बंद एवढं धरलेलं असतं, दिवसाला चार वेळा धरलं तर सात वर्षंसुद्धा पुरत नाहीत, म्हणजे एका ओपनरच्या आयुष्यात स्प्रिंग एक-दोनदा बदलावी लागणारच. ती थकली की सगळा भार गिअरवर येतो, आमच्या गिअरचे दात तिथेच गेले. स्प्रिंग तशीच ठेवून नवा ओपनर बसवला असता तर तोही लवकरच घूं घूं करायला लागला असता. आणि स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, कृपा करून, तिच्यात एवढा ताण भरलेला असतो की सुटली तर हात मोडतो, क्वचित जीवही जातो.

देखभाल फार नाही. दोन-तीन महिन्यांनी बिजागऱ्या, लोखंडी रोलरचे बेअरिंग आणि स्प्रिंगवर सिलिकॉन स्प्रे किंवा लिथियम ग्रीस, रुळात मात्र काही घालायचं नाही, तिथे फक्त फडकं मारायचं. बेल्टलाही तेल नको. महिन्यातून एकदा साधारण दीड इंच जाडीची फळी दारात आडवी ठेवून दरवाजा खाली आणायचा, फळीला लागताच तो परत वर जायलाच हवा. नाही गेला तर तो दुरुस्त होईपर्यंत वापरू नका, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर. अमेरिकेत 1993 पासून बनलेल्या घरगुती ओपनरना दारात काही आडवं आलं की दरवाजा परत वर पाठवणाऱ्या सेन्सरची किंवा तशाच दुसऱ्या सोयीची सक्ती आहे, तुमच्याकडे त्याच्याही आधीचा, सेन्सर नसलेला असेल तर चांगला चालत असला तरी बदला.

अर्धा स्टार दोन गोष्टींसाठी कापला. बॅकअपची बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते हे खोक्यावर कुठेच ठळक लिहिलेलं नाही, आणि तिचं झाकण वरच्या बाजूला, छताला चिकटून, शिडीवर उभं राहून मान वाकडी करून उघडावं लागतं. दुसरं म्हणजे ओपनरच्या होल्डरमध्ये आम्ही स्वस्तातला एलईडी बल्ब लावला तर रिमोट अगदी दाराशी आल्याशिवाय चालेना, बल्ब काढला की परत रस्त्यावरून चालायचा. काही एलईडी बल्ब रिमोटच्या सिग्नलमध्ये गडबड करतात, तेव्हा रिमोट बिघडला म्हणून नवा मागवायच्या आधी बल्ब काढून बघा. हे मॅन्युअलमध्ये आहे, पण इतक्या बारीक अक्षरात की कोण वाचणार.

गॅरेज घरापासून सुटं असेल तर चेनवालाच घ्या, स्वस्त पडतो आणि दणकट असतो. वर किंवा शेजारी कोणी झोपत असेल तर बेल्टच, आणि बसवायला येणारा लाल दोरी ओढून दरवाजा तपासतो का ते ऑर्डर देतानाच विचारून घ्या.